चण्याएवढं काहीतरी

रोह्याच्या बाजारात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब होती. तिथे मी लोकांचं रक्त, लघवी आणि शौच तपासत असे. रक्त काढणाऱ्या बाईला लोक मान देतात. बाकीच्या दोन गोष्टींचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, आणि बाटली मात्र रुमालात गुंडाळून गुपचूप माझ्याच टेबलावर ठेवतात. मला त्याचं काही वाटत नसे. माणसाचं शरीर आहे, त्यातून जे निघायचं तेच निघणार. माझा स्वभाव तसा तडकफडक. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा आणि म्हणायचा की पेशंट आजारापेक्षा तुलाच जास्त घाबरतात.

हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

माझं माहेर पेणजवळचं, हमरापूरच्या बाजूचं. घरातच गणपतीचा कारखाना. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा आणि थोरले काका दोघे मिळून कारखाना चालवायचे. साचे, ओतकाम, घासकाम हे आबांचं खातं, आणि डोळ्यांची आखणी काकांची. दाराशी उजेडात काकांचा पाट असायचा. त्या पाटावर दुसरं कोणी बसत नसे. मूर्ती कितीही सुबक झाली तरी काकांनी डोळे काढेपर्यंत ती नुसती प्लास्टरचीच, असं आबा म्हणायचे, आणि त्या बोलण्यात जराही हेवा नसायचा.

आबांची एक खास रीत होती. मूर्ती साच्यातून काढून वाळली की रंगाला देण्याआधी भरदुपारी ते कारखान्याची दारंखिडक्या लावून घ्यायचे. मग वायरला लोंबणारा दिवा मूर्तीच्या तळातून आत सोडायचे. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते. जिथे प्लास्टर पातळ राहिलंय तिथे बाहेरून तांबूस उजेड दिसायचा, तडा गेला असेल तर दोऱ्यासारखी रेघ चमकायची, आणि आत कुठे गोळा चिकटून राहिला असेल तिथे काळा डाग. पातळ जागा आणि तडा दिव्याने कळतो, पण डागाचं तसं नाही, हे ते नेहमी सांगायचे. डाग म्हणजे जाड प्लास्टर असेल, काथ्या असेल, नाहीतर नुसती माती. तिथे हात घालूनच बघावं लागतं.

काकांना त्रास सुरू झाला तेव्हा मी माहेरी गेले होते. भात जेवून हात धुवायला मी मागच्या पडवीत आले, तर काका माझ्या मागोमाग आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "गो, खालून रगत पडतं. महिना झाला आसंल."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "काका, मूळव्याध असेल. तुमचं ते तिखट सुकट जरा कमी करा."

"तसाच आसंल," काका म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. लॅबमधल्या पुतणीने सांगितलं, आता कशाला डॉक्टर!

मी रोज दहा परक्या माणसांच्या बाटल्या तपासत होते. काकांना एक बाटली आणून द्या असं म्हणायला मला एक मिनिट लागलं नसतं. ते मी म्हटलं नाही. पुढे काका वाळत गेले, तेव्हाही मला वाटलं की वयामुळे असेल. शेवटी पोट फुगलं आणि मुंबईला नेलं, तोवर मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. पावसाळा संपता संपता काका गेले. त्या वर्षीच्या मूर्तींचे डोळे पेणहून माणूस बोलावून काढून घेतले.

काका मला बोलले होते हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

मुंबईला काकांचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी निघताना एवढंच सांगितलं होतं की सख्ख्या भावाने आपलं आतडं तपासून घ्यावं, काही त्रास नसला तरीही. आतड्यात आधी मोड आल्यासारखी बारीकशी गाठ येते, ती वर्षानुवर्षं गप्प बसते, आणि तेव्हाच काढली तर पुढचं सगळं टळतं. मी ते वाक्य घट्ट धरलं आणि आबांच्या मागे लागले. खालून दुर्बीण घालून तपासायची होती, अर्ध्या तासाचं काम.

आबांनी ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मी नाय. मला काय झाला नाय. आन नागडा व्हऊन कोनासमोर झोपनार नाय."

"अहो, डॉक्टर असतो तो."

"डाक्टर झाला तरी मानूसच ना?"

दिवाळी गेली, मकरसंक्रांत गेली. मी रागावले, रडले, आईला मध्ये घातलं. आबा ढिम्म. एकदा तर मी पेणला गेले तर हा माणूस मला बघून वडखळच्या बसमध्येच चढून बसला, का तर म्हणे तिकडे काथ्या बघायचा होता. काथ्या तिकडे मिळत नाही हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. आमच्या लॅबच्या डॉक्टरांचा एक वर्गमित्र परदेशातून शिकून मुंबईला आला होता. त्याने एक नवीन प्रकार सुरू केला होता. स्कॅनच्या मशीनमधून पोटाचे बारीक बारीक काप टिपायचे, कॉम्प्युटरने ते जोडायचे, आणि आतडं आतून फिरून आल्यासारखं पडद्यावर बघायचं. दुर्बीण नाही, भूल नाही. आमचे डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले, "हे अजून नवं आहे. यात सगळं दिसेलच असं नाही. खरी तपासणी दुर्बिणीचीच." पण मला तेव्हा खरी-खोटी तपासणी करत बसायचं नव्हतं. मला आबांना कुठल्यातरी मशीनखाली झोपवायचं होतं.

मी माहेरी गेले आणि कारखान्यात आबांच्या समोर बसले. म्हटलं, "तुम्ही मूर्तीत दिवा सोडून बघता ना, तसंच आहे. फक्त दिवासुद्धा आत सोडायचा नाही. बाहेरूनच बघायचं."

आबांचा घासपेपर थांबला. "बाहेरनं आतला दिसतं?"

"दिसतं."

"तडा दिसतं?"

"गाठ असेल तर दिसते."

त्यांनी हातातल्या मूर्तीची सोंड आणखी थोडी घासली. मग म्हणाले, "माघी झाली का जाव." या धंद्यातला माणूस माघी गणपतीच्या आत कुठे हलत नाही, म्हणून मी हो म्हटलं. माघीनंतर चौथ्या दिवशीची वेळ मिळाली.

आतडं अगदी रिकामं लागणार होतं. आमच्या माहेरचा संडास घरापासून लांब, म्हणून मी आबांना आदल्या दिवशी रोह्याला आणलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात लिहिलं: काय चालेल — पाणी, नारळपाणी, साखरपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी. काय चालणार नाही — बाकी सगळं. संध्याकाळी पाच वाजल्यापासून पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी प्यायचं होतं. पहिला ग्लास तोंडाला लावताच आबा म्हणाले, "गो बाय, खाडीचा पानी पाजतंस काय!" पण प्यायले. रात्रीपर्यंत बिचाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला. मी विचारलं, "दिवसभरात काही खाल्लं नाहीत ना?" त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे हात केला. "तू लिवलंस तसाच. येक शीत पोटात नाय."

सकाळी जीप ठरवून निघालो. हमरापूर फाटा आला तेव्हा आबांनी मान वळवून बघितलं आणि दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मुंबईला पोचलो, तिथे त्यांना आत नेलं. पाच मिनिटांत आतून त्यांचा आवाज, "ही काय हाय मंग? नली नाय बोल्ली व्हती ना तू?" आतड्यात हवा भरण्यासाठी एक छोटी नळी लागते, हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नव्हतं. मी दारातून म्हटलं, "आबा, ती बोटाएवढीच आहे. फुग्यात हवा भरतात तेवढंच." मग म्हणाले, "खोटारडी हाय तू." पण उठून आले नाहीत.

आधी पाठीवर झोपवून चित्रं घेतली, मग पोटावर. दुपारी डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. आतड्याचा बोगदा, त्याच्या घड्या, वळणं. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आबा मात्र खुर्चीत पुढे सरकून बघत होते. आपलंच पोट आहे याचा त्यांना विसर पडला असावा. "साचा बरा हाय," म्हणाले. "फिनिशिंग पन हाय."

डॉक्टर हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांनी पडद्यावर तीन ठिकाणं दाखवली. चण्याएवढं काहीतरी. पोटावर झोपवल्यावर त्यातली दोन जागची हलली होती, म्हणजे तो मळ असणार. तिसरं जागचं हललं नव्हतं. "हे गाठ असू शकतं," ते म्हणाले. "आता दुर्बीण घालून बघावं लागेल. गाठ निघाली तर तेव्हाच काढता येईल."

आबा पडद्याकडे बघत होते. त्यांचा तो साच्याचा उत्साह कुठल्या कुठे गेला होता. परतीच्या वाटेवर पनवेल आलं तेव्हा आबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "भावाला पन असाच व्हता?"

"काकांचं फार मोठं होतं आबा."

"आदी बारीकच आसंल ना."

दुर्बिणीला ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. पंधरा दिवसांनी वेळ ठरली. पुन्हा मी त्यांना आदल्या दिवशी रोह्याला आणलं, पुन्हा तोच कागद भिंतीवर. मी लॅबमधून लवकर आले, पावडर कालवली, जग त्यांच्यासमोर ठेवला. आबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "या खेपेला परसाद पन नको ना घेऊ?"

मी ग्लास पुसत होते. "कसला प्रसाद?"

"मंगच्या खेपेला तुझी शेजारीन पालीवरनं आली व्हती ना. माघीचा परसाद दिला तिनी. चने, खोबरा, गूळ. मूठभर व्हता."

"आणि तुम्ही खाल्लात?"

"परसाद हाय तो," आबा म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "घ्याला नको काय? आन परसाद कोन खान्यात धरतं?"

मी त्या दिवशी आबांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारीणही दारात येऊन परत गेली. पण माझा आवाज चढत होता तेव्हाही एक गोष्ट मला आतून कळत होती. यांचं सगळं आयुष्य गणपती घडवण्यात गेलं. देवळातून आलेला प्रसाद नाकारण्याचा विचार यांच्या डोक्यात येणारच नव्हता. आणि तो जेवण नाही, म्हणून कागदावर नाही. मी 'काय चालणार नाही' याच्याखाली 'बाकी सगळं' लिहिलं होतं. आबांच्या हिशोबी प्रसाद त्या बाकी सगळ्यात येत नव्हता.

मग एकदम मी बोलायची थांबले. चणे. चण्याएवढं काहीतरी. आणि खोबऱ्याचा तुकडा आतड्याला चिकटून बसला तर तो हलणार नाही.

आबांच्याही ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मंजे गाठ नव्हतीच! चना व्हता तो! मंग उद्या कशाला जायाचा?"

मी चपला घालून कोपऱ्यावरच्या फोनबूथवर गेले आणि मुंबईला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "चणे असतील तर आनंदच आहे. पण पोट भरलेलं होतं, म्हणजे ती तपासणी धड झालीच नाही. भावाचं बघता मी दुर्बीण घातली असती. तरी शरीर त्यांचं आहे, तुम्ही ठरवा."

बूथपासून घर शंभर पावलं असेल. ती शंभर पावलं मला फार जड गेली. आबांना फक्त एवढं सांगितलं असतं की डॉक्टर म्हणाले गरज नाही, तर पुरलं असतं. त्यांनी माझे हात धरले असते. त्यांची लाज वाचली असती आणि माझी कटकटही. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही तो चणाच हवा होता. मागे एकदा असंच मला काहीतरी साधंसुधं हवं होतं, आणि ते मी हसत सांगून टाकलं होतं.

आबा पाण्याच्या जगापुढे तसेच बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "आबा, काकांनी मला सांगितलं होतं. रक्त पडतं म्हणून. पहिल्या महिन्यातच. पडवीत. मी म्हटलं मूळव्याध आहे. मी तपासलं नाही. मी हसले होते आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठून जातील. पण ते म्हणाले, "तुला बोल्ला व्हता?"

"हो."

"मना नाय बोल्ला." त्यांनी जग बाजूला सारला. "येका छपराखाली चालीस वर्सं बसलू आमी. मी रोज त्याच्या शेजारी. आन मना नाय बोल्ला."

मला त्यांची माफी हवी होती, आणि त्यांना स्वतःचंच दुःख मोठं झालं होतं. आम्ही दोघंही रडलो. दोघांनी एकमेकांना काही समजावलं नाही. बाहेर गाड्या जात होत्या, कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी उठून गॅस बंद केला.

मग आबांनी डोळे पुसले आणि ग्लास पुढे केला. "भर गो." मी भरला. त्यांनी तोंड वेडंवाकडं करत एका दमात रिकामा केला. "दिव्यात डाग दिसला तर हात घालूनच बगाया लागतं. मीच सांगतू ना सगल्यांना. भर."

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. चणे नव्हते, खोबरं नव्हतं. जिथे तिसरा डाग दिसला होता तिथे आतडं स्वच्छ होतं. डॉक्टर दुर्बीण बाहेर घेत असताना, दुसऱ्याच एका ठिकाणी, घडीच्या मागे, त्यांना एक चपटा चट्टा दिसला. स्कॅनमध्ये त्याचा मागमूसही नव्हता. चपटं असलं की पडद्यावर उठून दिसत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी तो तेव्हाच काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर झालेला नव्हता, पण व्हायच्या वाटेवर होता. काही वर्षं तशीच गेली असती तर काकांसारखंच झालं असतं.

त्या दिवशी भुलीतून जागे होताना आबांनी माझा हात चाचपडत धरला. जीभ जड होती. म्हणाले, "भावाला पन तू अशीच धरून न्याला पायजे व्हतीस."

मला बोचावं म्हणून ते बोलले नव्हते. अर्धवट शुद्धीतला माणूस मनातलं तेवढंच बोलतो. मी म्हटलं, "हो आबा." शुद्धीवर आल्यावर त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

पुढे आबांनी जे केलं त्याला मात्र मी तयार नव्हते. ते सगळ्या पंचक्रोशीत सांगत सुटले. परसाद घेतला म्हणून डाग दिसला, डाग दिसला म्हणून दुर्बीण घातली, दुर्बीण घातली म्हणून खरा दुखणा सापडला. बाप्पानेच वाचवला. मी चिडून म्हणायचे की बाप्पाने नाही, तुमच्या खादाडपणाने वाचवलं. ते हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. ज्या माणसाला डॉक्टरसमोर कपडे काढायची लाज वाटत होती, तो आता चहाच्या टपरीवर उभा राहून दुर्बीण कुठून घालतात ते हातवारे करून सांगत होता. आई शरमेने अर्धी व्हायची.

आणि कोणी जरा दबक्या आवाजात म्हणालं की मलाही जरा मूळव्याधीचा त्रास आहे, तर आबा त्याला सोडत नसत. गोडीने, दटावून, शेवटी दंडाला धरून एसटीत बसवून रोह्याला माझ्याकडे आणत. कारखान्यातले घासकाम करणारे आले, मिठागरावरचा एक म्हातारा आला, डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर असलेला एक जण आला, आणि एकदा तर आबा मला टाळून ज्या वडखळच्या बसमध्ये चढले होते तिचा कंडक्टरच आला. आबा प्रत्येकाच्या बाटलीवर स्वतः नाव घालायचे. रंगाचा बारीक ब्रश ते खिशातूनच आणत. त्या ब्रशने काका डोळे काढायचे.

भिंतीवरचा तो कागद मी नंतर लॅबमध्ये नेऊन लावला. दुर्बिणीआधीची तयारी विचारायला येणाऱ्यांना तो उपयोगी पडायचा. एक दिवस बघते तर 'बाकी सगळं' याच्या खाली तांबड्या रंगात, सुबक अक्षरात आणखी एक ओळ होती. प्रसाद सुद्धा.

मी आता कोणालाही, कितीही घाईत असले तरी, मूळव्याध असेल असं म्हणत नाही. बाटली आणा म्हणते. सकाळी ट्रे टेबलावर ठेवला की आबांच्या अक्षरातली नावं मी एकेक करून वाचते, आणि काकांचं नाव त्यात नसतं.